चिंबोरासोचा पहिला आरोही : एडवर्ड व्हिंपर

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऐन विषुववृत्तावर, एक्वादोर नांवाचें एक लहानसें राष्ट्र आहे. त्याच्या मध्यभागांतून अँडीज पर्वताच्या दोन ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे गेल्या असून त्यांवर ज्वालामुखींचीं हिमाच्छादित शिखरें उभीं आहेत. कांहीं निद्रिस्त आहेत, तर कांहींच्या पोटांतील आग अद्यापि शमलेली नाहीं. या सर्वांत उंच तो चिंबोरासो. त्याची उंची ६,२६३ मीटर, म्हणजे साडेवीस हजार फुटांहून किंचित् अधिक भरते. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें सुमारें ५,४०० फूट आहे. तशीं जवळजवळ चार शिखरें एकावर एक रचावीं, तेव्हां चिंबोरासोचा माथा हातीं लागावयाचा. पृथ्वी विषुववृत्तापाशीं फुगीर असल्यामुळें एक मौज अशी घडते कीं, समुद्रसपाटीपासून न मोजतां पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून मोजूं गेल्यास एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षां चिंबोरासोचा माथा दोन किलोमीटर अधिक दूर आहे. हा पर्वत शेवटचा जागा झाला त्याला सुमारें दीड हजार वर्षें लोटलीं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, हिमालयाचीं मापें नीट झालीं नव्हतीं तेव्हां, जगांतील सर्वांत उंच पर्वत हाच असें युरोपांतील विद्वान् समजत. प्रख्यात जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट हा १८०२ सालच्या जून महिन्यांत त्याच्या उतरणीवर चढला; डोकें गरगरूं लागलें, हिरड्यांतून रक्त आलें, आणि पुढें एक भली मोठी घळ आडवी आल्यामुळें तो माथ्याच्या बराच खालून परतला. १८३१ सालीं बूसँगो नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें आणखी कांहीं शें फूट मजल मारली. पण माथा त्यालाही लाभला नाहीं. तो लाभला १८८० सालीं, आणि ज्याला लाभला तो शास्त्रज्ञ नव्हता, सरदार नव्हता, कीं विश्वविद्यालयाचा पदवीधरही नव्हता. तो लांकडाच्या ठोकळ्यांवर चित्रें कोरून पोट भरणारा एक कारागीर होता. त्याचेंच हें चरित्र आहे. तें सांगतांना आम्हांस एका पर्वताची नव्हे, तर दोन पर्वतांची हकीकत सांगावी लागणार आहे. कारण पहिल्या पर्वतावर जें घडलें त्यावांचून दुसऱ्या पर्वताची तयारी वाचकांस नीट समजणार नाहीं.

एडवर्ड व्हिंपर याचा जन्म लंडन शहरांत २७ एप्रिल १८४० रोजीं झाला. अकरा भावंडांत तो दुसरा. त्याचा बाप लांकडावर चित्रें कोरण्याचा धंदा करी. छायाचित्रें पुस्तकांत छापण्याची युक्ति त्या काळीं साधलेली नव्हती. म्हणून पुस्तकांतील प्रत्येक चित्र प्रथम लांकडावर उलटें कोरावें लागे. एडवर्डची शाळा चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुटली आणि तो बापाच्या कारखान्यांत बसला. काम बारीक नजरेचें, चिकाटीचें आणि कंटाळवाणें. एक रेघ चुकली तर सारा ठोकळा वायां जावयाचा. मुलाच्या मनांत मात्र उत्तर ध्रुवाकडील सफरीचे विचार घोळत असत. तो योग आला नाहीं. परंतु १८६० सालीं लंडनच्या एका ग्रंथप्रकाशकानें आल्प्स पर्वताचीं रेखाचित्रें काढून आणण्यासाठीं वीस वर्षांच्या या तरुणास तिकडे धाडलें. पर्वत म्हणजे काय हें त्यानें तोंवर पाहिलेलेंही नव्हतें. पाहिल्यावर तो वेडाच झाला.

स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर मॅटरहॉर्न नांवाचें एक शिखर आहे. उपसलेल्या दगडी सुऱ्यासारखा त्याचा आकार, आणि तेथें मनुष्याचें पाऊल पडावयाचें नाहीं अशी खालच्या गांवांतील लोकांची समजूत होती. व्हिंपर त्याच्या पाठीस लागला. १८६१ पासून चार वर्षांत त्यानें सात वेळां प्रयत्न केला आणि सातही वेळां हात हलवीत परत आला. १८६२ सालीं तर तो एकटाच उतरत असतां पाय सरून जवळजवळ दोनशें फूट गडगडत गेला आणि कड्याच्या अगदीं टोंकाशीं अडकून वांचला. या उद्योगांत त्याची गांठ एका विलक्षण मनुष्याशीं पडली. त्याचें नांव जाँ-आंत्वान कारेल. हा इटलीच्या बाजूच्या खेड्यांतला शिकारी. सैन्यांत चाकरी केलेला, मोठा हट्टी आणि अत्यंत मानी. मॅटरहॉर्न आपल्या गांवचा आहे, तेव्हां त्याचा माथा प्रथम आपल्याच बाजूनें गांठला पाहिजे, अशी त्याची जिद्द. दोघे कधीं एकत्र चढत, तर कधीं एकमेकांस चकवीत.

१८६५ च्या जुलै महिन्यांत कारेल ऐन वेळीं दुसऱ्या मंडळीबरोबर निघून गेला. व्हिंपर संतापला. तो तसाच डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडच्या बाजूस झर्मॅट गांवीं आला आणि तेथें जे आरोही भेटले त्यांच्याशीं घाईघाईनें जुळवून घेऊन निघाला. आम्ही घाईघाईनें हा शब्द मुद्दाम वापरीत आहों. त्या सात जणांत हडसन नांवाचा एक अनुभवी धर्मोपदेशक होता, क्रो हा नामांकित वाटाड्या होता, टाउगवाल्डर बापलेक होते, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस नांवाचा अठरा वर्षांचा उमराव होता, आणि हॅडो नांवाचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, कीं ज्याला असल्या चढणीची संवय नव्हती. १४ जुलै रोजीं दुपारीं सातही जण माथ्यावर पोंचले. खालीं दूरवर कारेलची मंडळी मुंग्यांसारखी दिसत होती. व्हिंपरनें आरोळ्या मारल्या, दगड लोटले आणि आपण जिंकलों असें त्यांस कळविलें.

उतरतांना हॅडोचा पाय घसरला. तो क्रोवर आदळला, त्यांच्या ओढीनें हडसन व डग्लस निखळले, आणि डग्लस व थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तटकन् तुटला. चौघे जण चार हजार फूट खालीं हिमनदीवर जाऊन पडले. डग्लसचा देह अद्यापपर्यंत सांपडलेला नाहीं. मागाहून पाहतां असें आढळलें कीं, बरोबर नेलेल्या तीन प्रकारच्या दोरांपैकीं जो सर्वांत कच्चा तोच त्या जागीं बांधला गेला होता. चांगला दोर बरोबर होता. कोणी तो पाहून बांधला नव्हता, इतकेंच. व्हिंपर त्या वेळीं पंचवीस वर्षांचा होता. चौकशी झाली, वर्तमानपत्रांत गहजब उडाला, टाउगवाल्डरनें दोर कापला असा ओंगळ आरोपही झाला. पण चौकशींत तो निर्दोष ठरला.

या अपघातानें व्हिंपर मोडला नाहीं, परंतु बदलला. आल्प्समधील शिखरें जिंकण्याची हांव त्यानें सोडून दिली. १८६७ व १८७२ सालीं तो ग्रीनलंडांत जाऊन आला, तेथील बर्फाचा अभ्यास केला आणि दगडांत रुतलेल्या प्राचीन वनस्पतींचे नमुने गोळा केले. १८७१ सालीं त्यानें आपल्या आल्प्समधील भटकंतीचा ग्रंथ स्वतः कोरलेल्या चित्रांसह प्रसिद्ध केला. आणि या सर्व काळांत एक नवाच प्रश्न त्याच्या मनांत वाढत होता. तो प्रश्न शिखराचा नव्हता. मनुष्याच्या शरीराचा होता.

फार उंच गेलें असतां मनुष्यास डोकेदुखी, मळमळ, धाप आणि ग्लानि येते, हें अँडीजमधील लोकांस शतकानुशतकें ठाऊक होतें. १८७५ सालीं तीन फ्रेंच गृहस्थ विमानांत, म्हणजे वायूनें भरलेल्या मोठ्या फुग्यांत, बसून आठ हजार मीटरांवर गेले आणि त्यांपैकीं दोघे वरच मेले. १८७८ सालीं पॉल बेर या शास्त्रज्ञानें विरळ हवेंतील प्राणवायूची उणीव हेंच या विकाराचें मूळ, असें प्रयोगांनीं दाखविलें. पण मग मनुष्य किती उंचीवर राहूं शकेल? हिमालयाचीं महाशिखरें त्याला कायमचींच बंद आहेत काय? यावर नुसते वाद चालत. व्हिंपरनें असा विचार केला कीं, फुग्यांतला मनुष्य थोड्या वेळांत प्रचंड उंची गांठतो, तेव्हां त्याच्यावरून पायीं चढणाऱ्याचा निर्णय होऊं शकत नाहीं. आणि आजवर जे प्रवासी पायीं चढले ते थकव्यानें बेजार झाले कीं हवेनें, हें त्यांचें त्यांसही सांगतां येत नाहीं. तेव्हां करावें काय? तर उंचावर जावें आणि तेथें स्वस्थ बसावें. तंबू ठोकावा, दिवसामागून दिवस राहावें, आणि थकवा नसतांना शरीर काय म्हणतें तें टिपून घ्यावें.

आमच्या मतें व्हिंपरचें खरें मोठेपण या एका कल्पनेंत आहे. विकार टाळावा कसा याची योजना पुष्कळांनीं केली असती. त्यानें विकार येणारच हें गृहीत धरून, तो आला असतां आपण कोठें असावें, जवळ काय असावें आणि किती दिवसांची शिदोरी असावी, याची योजना केली.

प्रथम त्याचा डोळा हिमालयावर होता. १८७४ सालीं तसा बेतही त्यानें आंखला. परंतु हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीचें राजकारण त्या वेळीं इतकें तापत चाललें होतें कीं, तिकडे जाण्याचा विचार सोडावा असा सल्ला त्यास मिळाला. मग त्यानें अँडीजकडे दृष्टि वळविली, तों १८७९ सालीं चिली, बोलिव्हिया व पेरू यांच्यांत युद्ध पेटलें. उरलें एक्वादोर. अशा रीतीनें नाइलाजानेंच चिंबोरासो त्याच्या वाटेवर आला.

वाचकहो, आतां त्याची तयारी पाहा. बरोबर माणसें किती न्यावयाचीं? दोनच. पण तीं कोणतीं? त्यानें निवड केली ती जाँ-आंत्वान कारेलची, कीं जो १८६५ सालीं त्याला सोडून गेला होता आणि ज्याच्या डोक्यावर त्यानें विजयाचे दगड लोटले होते! दुसरा कारेलचाच चुलत भाऊ लुई. जुनें वैर या दोघां मानी पुरुषांनीं कसें गिळलें याचें वर्णन व्हिंपरनें कोठें केलेलें नाहीं, आणि गोड बोलण्याची तर त्याला संवयच नव्हती. परंतु पंधरा वर्षांपूर्वीं जे मिळतील त्या सोबत्यांबरोबर तो निघाला होता. या खेपेस त्यानें सर्व आल्प्समधून असा मनुष्य निवडला, कीं ज्याच्या हातीं दोराचें दुसरें टोंक निर्धास्तपणें द्यावें.

उंचावरील मुक्कामाचें अन्न त्यानें इंग्लंडांतच डब्यांत भरून घेतलें. ठराविक माणसांना एक दिवस पुरेल एवढें सर्व कांहीं एका पत्र्याच्या डब्यांत, डबा डाकानें बंद केलेला, आणि असे डबे लांकडी पेट्यांत. म्हणजे वादळांत, अंधारांत, बोटें बधिर झालीं असतां पेटी फोडली कीं एका दिवसाची चिंता मिटली. तंबू त्यानें स्वतः आंखलेल्या पद्धतीचे होते. त्या जातीचे तंबू पुढें अनेक वर्षें गिर्यारोहकांत त्याच्याच नांवानें ओळखले जात. उंची मोजण्यासाठीं पाऱ्याचे दोन वायुभारमापक होते. कांचेच्या लांब नळ्या त्या. खेचरावर टाकण्यासारखी वस्तु नव्हे. ह्या नळ्या कारेल भावांनीं तान्ह्या मुलाप्रमाणें पाठीवर सांभाळून शिखराशिखरांवर वाहून नेल्या. घड्याळासारखे अनेरॉइड यंत्रही कित्येक होते, आणि तीं यंत्रें किती खोटें बोलतात हें पाऱ्याशीं पडताळून पाहण्याचा त्याचा आणखी एक हेतु होता. एका वैद्याच्या सल्ल्यानें त्यानें पोटॅशचें एक औषधही बरोबर घेतलें. कारेलचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्याच्या मतें तांबड्या द्राक्षासवाहून दुसरें औषध जगांत नाहीं.

९ डिसेंबर १८७९ रोजीं मंडळी ग्वायाकिल बंदरांत उतरली. तेथें पेरिंग नांवाचा एक इंग्रज दुभाष्या त्यांस मिळाला. ग्वारांडा गांवांतून चिंबोरासोच्या नैर्ऋत्य उतरणीवर पहिला मुक्काम झाला तो १४,३७५ फुटांवर, आणि दुसऱ्या दिवशीं खेचरें व स्थानिक इंडियन हमाल यांच्या साह्यानें दुसरा मुक्काम १६,६६४ फुटांवर. या हमालांचीं नांवें इतिहासांत उरलीं नाहींत, ही गोष्ट आम्हांस असल्या सर्व ग्रंथांत खटकते. ओझीं टाकून ते खालीं गेले. आणि तासाभराच्या आंत व्हिंपर आणि दोन्ही कारेल तंबूंत उताणे पडले होते.

अंगांत ताप, डोकें फुटावें अशी वेदना, घसा कोरडा ठाक. नाकानें घेतलेला श्वास पुरेना. माशाप्रमाणें तोंड उघडून मोठमोठे घोट घ्यावे तेव्हां जीव राही. अन्नावर वासना नाहीं, झोंप नाहीं. आल्प्समधील हे तीन पोलादी पुरुष हातही उचलूं शकत नव्हते. आणि मौज ही, कीं पेरिंग, जो प्रकृतीनें अशक्त आणि चार पावलें चालतांच दमणारा, तो मात्र खुशाल हिंडत होता, विस्तव राखीत होता आणि बर्फ वितळवून या तिघांस पाणी देत होता. हें असें कां व्हावें याचा उलगडा व्हिंपरला झाला नाहीं. पण त्यानें तें जसेंच्या तसें लिहून ठेवलें. स्वतःच्या असहायपणाचें इतकें स्वच्छ वर्णन करण्यास आमच्या मतें शिखर चढण्याइतकेंच धैर्य लागतें, कारण गिर्यारोहकांच्या जातींत या विकारास भित्रेपणा समजून हंसण्याची रीत होती.

हम्बोल्ट आणि बूसँगो यांच्यावर ही पाळी आली तेव्हां त्यांस खालीं वळण्यावांचून गत्यंतर नव्हतें. तंबू खालीं, अन्न खालीं. व्हिंपरजवळ तंबू होता आणि डबे होते. त्यांतलें कांहीं मांस नासलेलें निघालें व कड्याखालीं फेंकून द्यावें लागलें, तरी शिल्लक पुरेशी होती. तो पडून राहिला. सुमारें छत्तीस तासांनीं विकाराचा जोर ओसरूं लागला. आणि दोघे कारेल उठून पुढची वाट पाहण्यास जाऊं द्या म्हणून मागें लागले. हवेचा दाब घटल्यामुळें शरीरांतील वायु फुगतात व त्यांचा जाच होतो, असा व्हिंपरचा तर्क होता. तो पुरता बरोबर नव्हता. प्राणवायूची उणीव हेंच मुख्य कारण, हें पॉल बेरचें म्हणणें पुढें सर्वमान्य झालें. परंतु थांबलें असतां शरीर त्या हवेशीं जुळवून घेतें, ही जी गोष्ट त्यानें पाहिली ती खरी होती. आज हिमालयांत जाणारी प्रत्येक तुकडी टप्प्याटप्प्यानें मुक्काम करीत वर सरकते, आणि १९७८ सालीं दोन युरोपीय आरोही प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले.

तिसरा मुक्काम १७,२८५ फुटांवर ठोकला. ३ जानेवारी १८८० रोजीं ते निघाले, पण वाऱ्यानें त्यांस परतविलें. ४ तारखेस पहांटे पुन्हां निघाले. सुमारें वीस हजार फुटांपर्यंत चाल चांगली झाली आणि माथा घटकाभराच्या वाटेवर आहे असें वाटूं लागलें. इतक्यांत दोन शिखरांमधील सपाटीवर बर्फ असें भुसभुशीत लागलें कीं, माणूस गळ्यापर्यंत बुडावा. सर्व तयारींत याचा विचार कोणीच केला नव्हता. एकानें पुढें होऊन बर्फ काठीनें बडवावें, दाबावें, मग त्यावरून तिघांनीं गुरांप्रमाणें हातापायांवर रांगत जावें, असें तासन् तास चाललें. दुपार कलली तेव्हां पश्चिमेकडील घुमटावर पोंचले. आणि पाहतात तों पूर्वेकडचा घुमट अधिक उंच! पुन्हां खालीं, पुन्हां त्या चिखलासारख्या बर्फांतून रांगणें. अखेरीस खऱ्या माथ्यावर ते मनुष्याप्रमाणें दोन पायांवर उभे राहून पोंचले. समुद्रकांठीं तीस इंच उभा राहणारा पारा तेथें चवदा इंचांच्या आसपास होता. वारा इतका कीं, तिघांनीं आडोसा करावा तेव्हां यंत्र वाचतां यावें. उतरतांना अंधार पडला. मुक्कामीं परतले तेव्हां सुमारें सोळा तास ते पायांवर होते. लुईचे पाय हिमदंशानें सुजले आणि पुढें कित्येक दिवस त्यास चालवेना.

या वेळीं कोणीही पडला नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. उतरण अंधारांतली, माणसें दमलेलीं, आणि दोर तिघांमध्यें बांधलेला. मॅटरहॉर्नवरील तो दुसरा दोर व्हिंपरला त्या रात्रीं आठवला असेल कीं नाहीं? त्यानें लिहिलेलें नाहीं. आम्हांस मात्र तो आठवल्यावांचून राहत नाहीं.

एवढ्यानें प्रयोग पुरा झाला असें तो मानीना. एकदां सरावलेलें शरीर दुसऱ्या पर्वतावर पुन्हां कुरकुरतें कीं काय, हें पाहावयाचें होतें. त्यासाठीं त्यानें कोटोपाक्सी हा धुमसता ज्वालामुखी निवडला. १८ फेब्रुवारी रोजीं तिघे त्याच्या माथ्याजवळ गेले आणि मुखाच्या कांठापासून थोड्याच अंतरावर, राखेच्या उतारावर, त्यांनीं चक्क तंबू ठोकला! सुमारें साडेएकोणीस हजार फुटांवर ते सव्वीस तास राहिले. बाहेर पाणी गोठविणारी थंडी. पण तंबूच्या तळाशीं घातलेलें रबरी कापड खालच्या उष्णतेनें करपल्यासारखा वास सोडूं लागलें. रात्रीं व्हिंपर कमरेला दोर बांधून पोटावर सरपटत कांठाशीं गेला. दोराचें टोंक कारेलच्या हातीं. खालीं काळोखांत, सुमारें बाराशें फूट खोल, निखाऱ्यांच्या भेगा लालभडक दिसत होत्या. चिंबोरासोवर ज्या विकारानें तिघांस आडवें केलें होतें त्यानें येथें मुळींच तसा जोर धरला नाहीं. प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें.

नंतरच्या महिन्यांत त्यांनीं आंतिसाना, कायांबे इत्यादि अनेक शिखरें सर केलीं. तीं सर्व वर्णण्यास येथें जागा नाहीं. परंतु एक अडचण उपस्थित झाली तिचा उल्लेख केला पाहिजे. चिंबोरासोचा माथा गांठल्याची बातमी तेथील पुष्कळ लोकांस खरी वाटेना. ज्या पर्वतापुढें हम्बोल्टनें हात टेकले तो एका चित्रकारानें जिंकावा हें त्यांस कसें पटावें? वर गेलेले तिघेही परके, आणि तिघेही आपल्याच बाजूचे साक्षीदार. व्हिंपरनें वर्तमानपत्रांत भांडण केलें नाहीं. जुलै महिन्याच्या आरंभीं तो वायव्येकडील वाटेनें त्याच पर्वतावर पुन्हां चढावयास निघाला, आणि कारेल भावांखेरीज बेल्ट्रान व कांपान्या या दोघां एक्वादोरवासियांस त्यानें बरोबर घेतलें. साक्षीदार हवे होते म्हणून या दोघांचीं नांवें तरी आज आपणांस ठाऊक आहेत.

३ जुलै १८८० ची ती पहांट. ते उतरणीवर असतां सुमारें साठ मैलांवरील कोटोपाक्सीच्या मुखांतून शाईसारखा काळा स्तंभ एकाएकीं सरळ आकाशांत चढला. पाहतां पाहतां तो पर्वताहूनही उंच झाला, वरच्या वाऱ्यांत सांपडून आडवा वळला आणि हळूहळू त्यांच्याकडे येऊं लागला. राखेच्या पडद्याआड सूर्य गेला तेव्हां आकाशास हिरवट, मग तांबूस, मग पितळेसारखे असे रंग चढले, कीं तसे त्यानें पूर्वीं कधीं पाहिले नव्हते. पांचही जण माथ्यावर पोंचले आणि यंत्रें मांडतात न मांडतात तोंच बारीक राख त्या शुभ्र बर्फावर पडूं लागली. डोळ्यांत, तोंडांत, यंत्रांत, जिकडेतिकडे राख. दुसरा कोणी असता तर पळाला असता. व्हिंपरनें ती गोळा करून ठेवली, आणि मागाहून हिशेब केला कीं, त्या एका उद्रेकांत निदान वीस लाख टन राख बाहेर पडली असावी. पांच महिन्यांपूर्वीं ज्या मुखाशीं तो तंबू ठोकून निजला होता तेंच हें मुख.

खालीं आल्यावर ग्वायाकिल येथें ब्रिटिश वकिलासमक्ष आरोहणाचा प्रतिज्ञालेख करण्यांत आला. त्यानंतर त्या विजयाविषयीं शंकेस जागा उरली नाहीं.

प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास मात्र १८९२ साल उजाडलें. बारा वर्षें तो आंकडे पडताळीत होता, कीटकांचे नमुने तज्ज्ञांकडून तपासून घेत होता आणि चित्रें कोरवून घेत होता. लांकडावरची रेघ चुकूं नये ही लहानपणची शिस्त त्याच्या हाडींमासीं खिळली होती. त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल भूगोल संस्थेनें त्यास सुवर्णपदक दिलें. तें पाहण्यास जाँ-आंत्वान कारेल नव्हता. १८९० च्या ऑगस्ट महिन्यांत मॅटरहॉर्नवर तो एका प्रवाशास घेऊन गेला असतां भयंकर वादळ झालें. साठीच्या घरांतल्या त्या वृद्ध वाटाड्यानें बरोबरच्या माणसांस सुखरूप खालीं आणलें, आणि अवघड वाट संपल्यावर, पायथ्याजवळ, थकव्यानें प्राण सोडला.

व्हिंपरचें उत्तरायुष्य सुखाचें गेलें असें म्हणवत नाहीं. छायाचित्रें छापण्याची कला आली आणि लांकडी चित्रांचा धंदा बसला. तो व्याख्यानें देई, काचेवरील चित्रें पडद्यावर दाखवी, आणि साठी ओलांडल्यावरही कॅनडाच्या पर्वतांत हिंडला. स्वभाव अधिकाधिक तुटक होत गेला. सहासष्टाव्या वर्षीं त्यानें विवाह केला. एक मुलगी झाली. परंतु तो संसार चार वर्षांतच मोडला. १९११ च्या सप्टेंबरांत तो आल्प्समधील शामोनी गांवीं गेला, तेथें आजारी पडला, खोलीचें दार आंतून लावून घेतलें, वैद्यास येऊं दिलें नाहीं, आणि १६ तारखेस एकटाच मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे.

चिंबोरासोवर आतां मोटारीचा रस्ता सुमारें ४,८५० मीटरांपर्यंत जातो. रस्ता संपतो तेथें कारेल भावांच्या नांवाची धर्मशाळा आहे आणि तिच्यावर, पांच हजार मीटरांवर, व्हिंपरच्या नांवाची. हिमनद्या पुष्कळ मागें हटल्या असून ऊन चढलें कीं मोकळे दगड कोसळूं लागतात. म्हणून माथ्यावर जाणारे लोक मध्यरात्रीच्या सुमारास कंदील लावून निघतात. त्याआधीं एकदोन रात्री ते उंचावरच काढतात.